हिवाळी खुराडं : सांगाडा भक्कम, कव्हर बिनकामाचं

दिवाळी झाल्यावर ऑनलाइन मागवलं. साडेसहा हजार रुपये. आमचं गाव निफाड तालुक्यात. जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. परसात माझ्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. चार गिरिराज या सुधारित जातीच्या, बाकी गावठी.

सांगाड्याला नाव ठेवायला जागा नाही. लोखंडी नळ्या, वर पत्रा, पाय हातभर उंच आणि जाळी इतकी बारीक की मुंगसाचं तोंड आत जात नाही. दोन वर्षांपूर्वी मुंगसाने एका रात्रीत तीन कोंबड्या मारल्या होत्या, म्हणून हे आधी सांगते. तळाचा ट्रे ओढून काढता येतो, घाण काढायला पाच मिनिटं.

घोळ आहे तो सोबतच्या जाड प्लास्टिकच्या कव्हरचा. चारी बाजूंनी चेन. ‘रात्री पूर्ण बंद करा’ असं कागदावर छापलंय, मी केलं. चौथ्या दिवशी सकाळी चेन उघडली आणि असा झणका आला की डोळ्यांतून पाणीच. पत्र्याला आतून हात लावला तर तळवा ओला. थेंब नेमके तांबड्या तलंगीच्या, म्हणजे कोवळ्या कोंबडीच्या, पाठीवर पडत होते आणि ती शिंकत होती.

कोंबडीचं अंगच मुळात ४१ अंश गरम. पिसं फुगवून बसली की झाली तिची गोधडी. पण श्वासाची आणि विष्ठेची वाफ रात्रभर आत कोंडली की तीच गोधडी भिजते. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही बांबूच्या डालग्याखाली डालायचो, त्याला कुठं चेन होती?”

कव्हर काढलं. उत्तरेच्या बाजूला गोणपाट बांधलं, वरची वीतभर जागा मोकळी ठेवली. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जातो. ट्रेमध्ये चार बोटं भाताचं तूस. बसायला दिलेली लोखंडी नळी पहाटे बर्फासारखी गार पडते, तिच्या जागी दोन इंची चपटी लाकडी पट्टी ठोकली. आता पोटाची पिसं पायांच्या बोटांवर येतात. डालण्याआधी मूठ-मूठ मका टाकते.

सेटमध्ये २५० वॉटचा लाल बल्बही आहे, बारक्या चिमट्यावर लटकणारा. खाली सुकं तूस! त्याच दिवशी काढून ठेवला. पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागतेच. मोठ्यांना कशाला? फोनवरचा मुलगा म्हणे, “मॅडम, उबेने अंडी वाढतील.” अरे बाबा, अंडी घटतात ती दिवस लहान झाल्यामुळे.

तलंग चार दिवसांत सुधारली. पाचपैकी तीन तारे, तिन्ही सांगाड्याला. कव्हर परत घ्या म्हटलं तर “ते सेटमध्येच येतं.” सध्या सरपणावर घातलंय.