रोपं अव्वल, सोबतची चिठ्ठी बदला

तीन काटेरी ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली रोपं, घरपोच मागवली, त्याला दोन वर्षं झाली: डिकिया ब्रेव्हिफोलिया, डिकिया मार्निए-लापोस्तोले आणि एक हेक्टिया. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं पॅकिंगचं कौतुक झालं असतं. ते होतंही कौतुकासारखंच. माती झटकलेली, पानं सुतळीने आवळून कागदात गुंडाळलेली, मुळं टणक. एकही पान मोडलेलं नव्हतं.

तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. 'निवडुंगासारखी वाढवा, महिन्यातून एकदा पाणी.' पहिला उन्हाळा मी हे तंतोतंत पाळलं. पानं आत वळली, टोकं करपली, आणि मार्निए हातची जाते की काय असं झालं. डिकिया याच अननसाच्या कुळातली. या कुळातल्या कित्येक झाडांच्या मध्यभागी पाणी साठवणारी वाटी असते, डिकियाला ती नसते. तिची सगळी मदार मुळांवर. जाड पानांच्या जोरावर ती कोरड सोसते, पण तेवढ्या काळात वाढत नाही. ब्रेव्हिफोलिया तर मुळात दक्षिण ब्राझीलमधल्या नदीकाठच्या खडकांवरची. तिला महिनाभर तहानलेलं ठेवायचं म्हणजे छळच! आता वाढीच्या दिवसांत वरची माती सुकली की भरपूर पाणी देते, थंडीत हात आखडता घेते. मातीत निम्मी बारीक खडी आणि जाड वाळू असल्याने पाणी तुंबत नाही. जागा दिवसभर उन्हाची.

मार्निएच्या पानांवरची रुपेरी भुकटी बोटाने पुसली जाते आणि त्या पानावर परत येत नाही. माझ्या बोटाचा ठसा एका पानावर अजून आहे.

काट्यांचा अंदाज फोटोवरून येत नाही. ते आकड्यासारखे वळलेले असतात. हात आत सहज जातो, बाहेर येताना सोलवटतो. कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे आधी घ्या, रोपं मागाहून. लावतानाच भोवती खडीचा जाड थर द्या, नाहीतर पानांत उगवलेलं गवत लांब चिमट्याने उपटत बसावं लागतं. पायवाटेच्या कडेला तर लावूच नका.

यंदा ब्रेव्हिफोलियाला नारिंगी फुलांचा दांडा आला. तो मधून नाही, बाजूने येतो, त्यामुळे फुलल्यावर झाड मरत नाही. बुडाशी चार मुनवेही (नवी पिल्लं) फुटलेत.

याच विक्रेत्याकडून मी पुन्हा रोपं घेईन. फक्त, हेक्टियात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हे विक्रीच्या पानावर कुठेच नव्हतं. बी धरायचं तर दोन्ही लागतात. माझी अजून फुललेली नाही, त्यामुळे जोडीला कोणती आणायची ते ठरत नाही.