मध्ययुगीन पापनिवेदनावरील व्याख्यानमाला: आयरिश मठांपर्यंत उत्तम, पुढे घाईची

मध्ययुगीन युरोपातील पापनिवेदन (धर्मगुरूपाशी आपली पापे कबूल करणे) आणि पापक्षमा या विषयावरची एक इंग्रजी ध्वनिव्याख्यानमाला नुकतीच ऐकून संपवली. ती विकत घेण्याजोगी आहे, मात्र शेवटच्या भागाविषयी माझी गंभीर तक्रार आहे.

सर्वांत सरस विवेचन आयरिश मठांचे आहे. आरंभीच्या चर्चमध्ये घोर पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत, कठोर आणि आयुष्यात एकदाच घेता येई, त्यामुळे पुष्कळ लोक ते मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकत. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी खासगीत आणि पुन्हा पुन्हा करता येईल अशा निवेदनाची रीत रुजवली, आणि कोणत्या पापासाठी किती काळ भाकरी-पाण्यावर राहायचे हे सांगणाऱ्या पुस्तिका रचल्या. लांबलचक उपवासाऐवजी स्तोत्रपठण वा दानधर्म करण्याची मुभाही पुढे मिळू लागली. व्याख्याते या पुस्तिकांची खिल्ली उडवत नाहीत, उलट तेच पाप धर्मगुरूच्या हातून घडले तर प्रायश्चित्त बहुधा अधिक जड असे, याकडे लक्ष वेधतात. ८२९ च्या पॅरिस परिषदेने असल्या पुस्तिका जाळण्याचा आदेश दिला, तरी रीत टिकलीच.

१२१५ च्या चौथ्या लॅटेरन या चर्च-परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून किमान एकदा ‘आपल्या’ धर्मगुरूपाशी निवेदन करणे बंधनकारक केले, आणि निवेदनातले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात कोंडण्याची शिक्षा ठरवली. ‘आपला’ धर्मगुरू म्हणजे नेमका कोण, यावरून धर्मग्रामाचे पुरोहित आणि फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन या संघांचे फिरते साधू यांच्यात दीर्घकाळ वाद चालला, आणि १३०० मध्ये आठव्या बोनिफेस पोपना त्यासाठी नियम घालून द्यावे लागले. हा रंगतदार भाग इथे दोन वाक्यांत आटोपला आहे.

त्यानंतर थेट १५१७ आणि दंडमुक्तीपत्रांवर आक्षेप घेणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर! या घाईत पापक्षमा आणि दंडमुक्ती यांची सरमिसळ होते. तत्कालीन शिकवणुकीनुसार दोष धर्मगुरूच्या क्षमावचनाने जाई, तर दंडमुक्तीपत्राने फक्त पापाबद्दल इहलोकी वा शुद्धिलोकात भोगायची उरलेली, ठरावीक काळाची शिक्षा माफ होई. हा भेद निसटला की ल्यूथरचा आक्षेपही अर्धवट कळतो. मुखपृष्ठावर निवेदनासाठीची जाळीची लाकडी खोली आहे, तीही मध्ययुगातली नव्हे. ती सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांच्या पुढाकाराने रूढ झाली.

सोबत लेखी टिपणे नसल्यामुळे लॅटिन संज्ञा कानाने पकडाव्या लागतात. युरोपच्या इतिहासाची जुजबी ओळख असलेल्यांनी मालिका जरूर घ्यावी. नवख्यांनी आयरिश मठांवरच्या भागापासून सुरुवात केलेली बरी.