मिठाला पाणी सुटलेलं असताना ही सिगार पेटवू नका: काळ्या रॅपरच्या स्वस्त रोबुस्टोचे सात महिने

जुलैत, दहाच्या बंडलातली चौथी सिगार निम्म्यावर आली आणि रॅपर (बाहेरून गुंडाळलेलं पान) पेटत्या टोकापासून बँडपर्यंत (नावाच्या कागदी पट्टीपर्यंत) उभा चिरला. आधीच्या तिन्ही प्रत्येकी तीन-चार वेळा विझल्या होत्या. निकाराग्वाचा लाँग फिलर (आत भरलेली लांब, न चुरलेली पानं), वर ब्रॉडलीफ जातीच्या तंबाखूचं काळं पान, ५ बाय ५० (पाच इंच लांब, ५०/६४ इंच जाड, म्हणजे रोबुस्टोचं माप), नगाला साडेचारशे रुपये. या किमतीत एवढंच मिळणार, असं तेव्हा वाटलं होतं. ते मत आता मागे घेतोय, पण अर्धंच.

दुकानाने बदलून द्यायला साफ नकार दिला. म्हणे, पावसाळी हवेमुळे होतं. हवेमुळेच होतं, पण ती हवा त्यांच्याच कपाटातली होती. काट्याचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ७० वर अडकलेला आणि कपाटाचं दार दिवसभर उघडं-बंद. साडेचारशे रुपये घेणाऱ्याने निदान काटा हलतोय का, एवढं तरी बघावं.

ब्रॉडलीफचं पान जाड आणि तेलकट असतं. झाड उघड्या उन्हात वाढवतात, पानं एकेक न खुडता अख्खं खोड कापून सुकवतात आणि रंग गडद होईपर्यंत जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवतात. गोडवा येतो तो यातूनच. पण जाड पान सावकाश जळतं, ओलं असलं की आणखी सावकाश. आतला फिलर पुढे जळत जातो, रॅपर मागे राहतो आणि मधे बोगदा होतो. मग जोरात झुरका मारावा लागतो, सिगार तापते, चव करपते. चिरण्याचं कारणही ओलच: आतली तंबाखू उष्णतेने फुगते आणि पाणी प्यालेल्या पानाला तेवढा ताण झेपत नाही.

ओल ओळखायला उपकरण लागत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. ओट्यावरच्या मिठाला पाणी सुटलंय म्हणजे गॅलरीत ठेवलेली सिगारही पाणी पितेय. डिजिटल हायग्रोमीटर तपासायचीही हीच रीत. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओलसर चिखल होईल इतपतच थेंब टाकायचे, मीटरसोबत झिपच्या पिशवीत २४ तास बंद ठेवायचं. ७५ दाखवायला हवं. माझा ७९ दाखवत होता, म्हणजे पहिले दोन महिने मी चार टक्के चुकीचं वाचत होतो.

आता मत का बदललं ते. ऑक्टोबरचं बंडल ६२ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत सहा आठवडे डब्यात ठेवलं. ६९ चं पाकीट पातळ रॅपरच्या सिगारला चालेल, या पानाला नाही. एक नग सोनाराच्या छोट्या काट्यावर दर रविवारी तोलला: सहा आठवड्यांत ०.८ ग्रॅम उतरला, शेवटचे दोन आठवडे वजन हललं नाही. वजन थांबलं की सिगार तयार, तारीख बघायची गरज नाही. त्या दहापैकी सात एकदाही विझल्या नाहीत. आणि चव! सुरुवातीला काळी मिरी, दोन-तीन सेंटिमीटरनंतर काकवी आणि भाजलेला कोको, मधल्या भागात दगडफुलासारखा मातकट वास. जुलैत यातलं काहीच लागलं नव्हतं, नुसता चिकोरीचा कडवटपणा होता. शेवटच्या चार सेंटिमीटरमध्ये तो परत येतो. तिथे हळूच एक फुंकर बाहेर मारून साचलेला धूर काढायचा. तरी कडूच लागली तर ठेवून द्यायची.

काळी म्हणजे कडक, हा समज सोडा. कडकपणा फिलरमधल्या पानांवर असतो आणि ही मध्यम आहे. रंगाची मात्र खात्री करून घ्या, स्वस्तात पान रंगवलेलंही मिळतं. ओला पांढरा कापूस रॅपरवरून फिरवा. हलका तपकिरी डाग नैसर्गिक, शाईसारखा काळा आला तर घेऊ नका. ही पास झाली.

डबा: रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा. लाकडी ह्युमिडॉर (सिगार ठेवायची पेटी) मुंबईत पावसाळ्यात स्वतःच पाणी पितो आणि झाकणाच्या फटीतून बुरशी आत जाते. साठ ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारला पुरतं. नवीन बंडल आणलं की आधी झिपच्या पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये. आपल्याकडच्या उष्णतेत तंबाखूच्या किड्याची अंडी सहज फुटतात, आणि रॅपरला टाचणीएवढं भोक दिसेपर्यंत शेजारच्या सिगारही गेलेल्या असतात.

सार्वजनिक जागी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी, म्हणजे उरते घरची गॅलरी आणि समुद्राकडून येणारा वारा. वाऱ्यात सिगारची एक बाजू दुसरीपेक्षा भराभर जळते. मागे राहिलेली बाजू खाली धरा, लायटर घाईने लावू नका. पेटवताना ज्योत टोकापासून एक सेंटिमीटर लांब ठेवून कडा आधी लाल करा, मग मध्य. कॅप (तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी) दीड-दोन मिलिमीटरच कापा, जास्त कापली की या सिगारचं डोकं उकलतं. झुरका मिनिटाला एक. धूर छातीत घ्यायचा नसतो, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्याने टळत नाही, हे विसरू नका, वेष्टनावरचं इशाऱ्याचं चित्र त्यासाठीच असतं.

न सुधारलेली एक गोष्ट म्हणजे बँडचा डिंक. तो कागदापुरता न राहता पानावर उतरतो आणि बँड काढताना रॅपर सोबत निघतो. पहिल्या वीसपैकी पाच अशा फाटल्या. सिगार बँडजवळ येऊन डिंक गरम झाला की मगच सोलायचा, हा उपाय निम्म्या वेळा चालतो. कारखान्यात डिंकाचा एक ठिपका कमी लावला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि ही गोष्ट मला ओलीपेक्षा जास्त खटकते, कारण ओलीवर डबा आहे, डिंकावर काही नाही.

हिशेब: तीनातली एक टाकावी लागली, तर साडेचारशेची सिगार पावणेसातशेला पडते. तेवढ्यात बँड काढताना न फाटणारी चांगली रोबुस्टो येते. डब्यात सहा आठवडे थांबायची तयारी असेल तर साडेचारशेला हिच्याइतकी गोड दुसरी मला मिळालेली नाही. घ्यायची तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, दुकानातली हवा तेव्हा जरा कोरडी असते. माझं चौथं बंडल कालच डब्यात गेलं, पहिलं वजन १३.१ ग्रॅम.