दोन्ही टोकांना पिना असलेली वायर : कॅम्पर व्हॅनच्या वायरिंगमध्ये झालेली फसवणूक

गाडीची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेणार असाल तर हे वाचाच, आणि करून घेतली असेल तर आधी गाडीपाशी जा. बाहेरून लाइट घ्यायला जी वायर दिली आहे, तिच्या दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप (पिनांचा प्लग) आहे का, ते बघा. असेल तर ती वायर पुन्हा भिंतीत लावू नका.

आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन पुण्याबाहेरच्या एका बॉडी बांधणाऱ्याकडे दिली. लाकूडकाम, पलंग, पाण्याची टाकी हे सगळं नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. विजेच्या कामाचे त्याने वेगळे 70,000 रुपये लावले. कोटेशनवर स्वच्छ लिहिलं होतं : 2.5 चौरस मिमीची आयएसआय मार्कची तांब्याची वायर, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच), लाइट घ्यायला निळं इंडस्ट्रियल इनलेट, अर्थिंग. मागच्या दारात स्वयंपाकाची सरकती पेटी होती. तिच्यावरचे सॉकेट पेटीसकट सुटे करून अंगणात नेता येतील, अशी सोय आम्ही मुद्दाम मागितली होती, कारण पावसाळा सोडला तर स्वयंपाक बाहेरच करायचा होता.

दापोलीजवळ एका होमस्टेच्या अंगणात गाडी लावली होती. सकाळी निघताना बायकोने गाडीच्या बाजूची वायर आधी उपटली. भिंतीकडचं बटण चालूच होतं. वायरचं टोक ओल्या लादीवर पडलं, चर्र आवाज झाला आणि होमस्टेवाल्या काकूंच्या घरातली लाइट गेली. त्यांच्या घराला आरसीसीबी होती, ती पडली. नसती, तर त्या उघड्या पिनांमध्ये 230 व्होल्ट तसेच राहिले असते, आणि आमचा मुलगा तिथेच चप्पल शोधत होता.

काकूंनी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने वायर हातात घेतली आणि विचारलं, "ही कोणी बनवून दिली?" मग तो गाडीत शिरला आणि एकेक पॅनल उघडत गेला.

निळं इनलेट नव्हतंच. बाहेरच्या झाकणामागे घरातल्या भिंतीत असतं तसलं साधं 16 अँपिअरचं सॉकेट ठोकलेलं होतं. सॉकेट म्हणजे भोकं. भोकांत लाइट सोडायची तर वायरच्या त्या टोकाला पिनाच लागणार, म्हणून बॉडीवाल्याने दोन्हीकडे टॉप लावून दिले होते. स्वयंपाकाच्या पेटीलाही तीच तऱ्हा. नियम उलटा आहे : जिथून लाइट येते त्या बाजूला भोकं, जिथे जाते त्या बाजूला पिना. इनलेटच्या पिना गाडीवर झाकणाखाली असतात आणि वायरच्या टोकाला भोकांचा कनेक्टर असतो, म्हणजे वायर कुठूनही उपटली तरी जिवंत पिन उघडी पडत नाही. निळं इनलेट आणि साधं सॉकेट यांच्या किमतीत फार फरक नाही. तेवढ्यासाठी माणसाच्या जिवाशी खेळ केला, याचा राग अजून जात नाही.

बोर्डमध्ये "आरसीसीबी" म्हणून दाखवलेली वस्तू नुसता डबल पोल आयसोलेटर होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आयसोलेटर म्हणजे फक्त बटण. गळती झाली, शॉक बसला, तरी तो पडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं टेस्ट बटण असतं आणि 30 मिलिअँपिअर छापलेलं असतं. लाइट चालू असताना "टी" दाबलं की ती पडलीच पाहिजे. मात्र ती पडली म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. हे बटण अर्थिंग तपासत नाही.

आमच्या गाडीत तर हिरवी वायर गुंडाळी करून टेप मारून पॅनलमागे कोंबलेली होती, चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागलेलीच नव्हती. टायर रबराचे, त्यामुळे फेज बॉडीला चिकटला तरी गाडी गुपचूप उभी राहते. जमिनीवर उभं राहून जो दार उघडेल, त्याच्यातून करंट वाट काढतो.

शेवटी वायर. वायरमनने ब्लेडने खरवडली, तर लाल थराखाली चांदीसारखा पांढरा धातू निघाला : तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. जाडीही निम्म्याहून कमी. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यात सारखे हादरे, म्हणजे वायर आणि जोड तापणारच. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी आणि 1500 वॉटची किटली एकदम लावली की 15 अँपिअरच्या वर करंट जातो. शेगडीमागच्या सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलं होतं.

बॉडीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सगळ्यांना असंच देतो, कोणाची तक्रार नाही." मग म्हणाला, बाहेरच्या माणसाने बोर्ड उघडला म्हणून वॉरंटी गेली. बिलावर फक्त "इलेक्ट्रिक काम, लमसम" लिहिलं होतं. पण सहीचं कोटेशन आमच्याकडे होतं, आणि वायरमनने प्रत्येक वस्तू काढताना आम्ही व्हिडिओ केला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली, आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, म्हणून कोटेशन आणि पैसे दिल्याचा पुरावा सांभाळून ठेवा. काढलेल्या वस्तूही फेकू नका, आमच्या एका पिशवीत सील करून ठेवल्या आहेत.

काम शासनाचा परवाना असलेल्या वायरमनकडून पुन्हा करून घेतलं. एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) डबल पोलच, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारी घेतली, कारण बऱ्याच ठिकाणी भिंतीतले फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात आणि एकाच तारेवरचं बटण बंद करून भागत नाही. वायर लवचिक, बारीक तारांची, कंड्युटमधून (नळीतून), टोकाला लग (धातूची टोपी) मारून. पेटीच्या सॉकेटला वेगळा कनेक्टर, भोकं गाडीकडे.

त्या बॉडीवाल्याच्या शेडमध्ये आमच्या गाडीशेजारी आणखी व्हॅन तयार होत होत्या. त्या आता कुठेतरी फिरत असतील. तुमची त्यातली असेल, तर भिंतीतलं बटण बंद करा, भिंतीकडचं टोक आधी काढा, आणि वायरचे दोन्ही टॉप कापून टाका.