जर्मन वायरहेअर्ड पॉइंटरच्या नावाखाली ७९,५०० रुपयांची फसवणूक

पिल्लाचा फोटो दाखवून टोकन उकळायचे आणि फोन बंद करायचा, हा प्रकार आता सर्वांना ठाऊक आहे. मला फसवणाऱ्याने फोन बंद केला नाही. त्याने पिल्लू पाठवले, आणि नेमक्या त्याच कारणाने माझ्या तक्रारीला कोणी फसवणूक म्हणायला तयार नाही.

तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, बांधाला बोरी-बाभळीचे काटे आहेत आणि कडेला शेततळे आहे. जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर या कुत्र्यांच्या जातीचा वरचा कोट राठ, तारेसारखा, दोन ते चार सेंटिमीटर लांब असतो व त्याखाली दाट लव असते, त्यामुळे असे कुत्रे काट्यांत आणि गार पाण्यात न बिचकता शिरते. जर्मनीत १९०२ मध्ये स्थापन झालेली या जातीची संघटना कामाच्या चाचण्या पार केलेल्या कुत्र्यांचीच पैदास मान्य करते, हेही मी वाचले होते. म्हणजे चौकशी न करता मी या व्यवहारात पडलो नव्हतो.

टोकन २०,०००, उरलेली रक्कम ४५,०००, प्रवासखर्च ६,५०० आणि ‘पेपर’चे, म्हणजे जातीच्या प्रमाणपत्राचे, ८,००० रुपये, असे सारे पैसे पिल्लू हाती येण्याआधीच घेतले गेले. पिल्लाचे आईबाप २०२१ मध्ये खास पैदाशीसाठी जर्मनीहून आणले, असे विक्रेता अभिमानाने सांगत होता. व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर आपल्या देशात २०१६ मध्येच बंदी आली होती. ते एकच वाक्य त्याला उघडे पाडायला पुरेसे होते, याचा संताप आजही जात नाही; पण घरासाठी एक पिल्लू घेणाऱ्या शेतकऱ्याने आयातीच्या अधिसूचना पाठ ठेवाव्यात, ही अपेक्षा मला मान्य नाही. आईबापांचा व्हिडिओ मागितला, तेव्हा ‘आई पिल्लांजवळ आहे, चिडते’ हे उत्तर मिळाले. असे उत्तर आले की तिथेच व्यवहार थांबवा.

ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोक्यात आलेल्या पिल्लाच्या पाठीवरून मी उलटा हात फिरवला, तर केस वासराच्या कानासारखे मऊ लागले आणि हनुवटी साफ गुळगुळीत होती. विचारले, तर ‘दाढी आणि भुवया वयाबरोबर भरतात’ असे त्याने सांगितले. या जातीत तसे खरोखरच घडते आणि त्याच सत्याच्या आडोशाने त्याने मला महिनोन्‌महिने थोपवून धरले. आज हा नर पूर्ण वाढलेला आहे. दाढीचा पत्ता नाही, शेपूट पाठीवर वळलेली आहे आणि खांद्याजवळची उंची ४८ सेंटिमीटर आहे; जातिवंत नर ६१ ते ६८ सेंटिमीटर भरतो. सांगलीतल्या पशुवैद्यांनी मानेपासून खांद्यापर्यंत स्कॅनर फिरवला, पण कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप सापडली नाही. प्रमाणपत्रावर मात्र पंधरा आकडी चिप क्रमांक ठसठशीत छापलेला आहे! पैसे देण्यापूर्वी चिप स्वतःसमोर स्कॅन करून घ्या आणि क्रमांक कागदाशी ताडून पाहा.

पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, ‘कुत्रं मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ नंतर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे ठरले, त्यानंतर विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून हद्दीचा प्रश्न निघाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, हे मी दाखवल्यावर साहेब बंदोबस्ताला गेल्याचे सांगण्यात आले. पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयाने पोलिसांकडे बोट दाखवले. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत २०१७ चे नियम आहेत, पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मग हे नियम राबवायचे कोणी, हे विचारले की टेबलापलीकडून फक्त अर्जाची पोच मिळते. मी शेतातली कामे टाकून जायचे आणि त्यांनी मान हलवायची, याला दाद मागणे म्हणत नाहीत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळली की ती गोठवणे अवघड होते. आता मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. कुत्रा आमच्याकडेच राहील, त्याचा यात काही दोष नाही.

हाच माणूस आता दुसऱ्या नावाने, निळ्या पिंपाशेजारी बसलेल्या दाढीवाल्या जोडीचा तोच फोटो लावून ‘शेवटचे एक पिल्लू, ५५,०००’ अशी जाहिरात करत आहे. सांगली-साताऱ्यात ती कोणाला आली असेल, तर एक रुपयाही पाठवू नका.