धावून आल्यावर काय प्यावं: केळ्याची स्मूदी की नाचणीची आंबील?

पहाटेचा सराव संपवून खोलीवर आल्यावर पुढच्या अर्ध्या तासात पोटात काय जातं, यावर माझा संध्याकाळचा सराव ठरतो. मी कॉलेजकडून पाच हजार आणि दहा हजार मीटर धावतो. आठवड्याला साधारण 80 किलोमीटर होतात. पहिली दोन वर्षं मी रोज स्मूदी प्यायलो, गेलं दीड वर्ष आंबील पितोय. दरवर्षी जुलैत टीममध्ये नवीन मुलं येतात आणि पंधरा दिवसांत कुणीतरी विचारतंच, "मिक्सर घेऊ का?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे असं वाटतं, म्हणून हे लिहितोय.

दुकानातली स्मूदी इथे धरलेलीच नाही. तिच्यात साखर आणि बर्फ किती आणि फळ किती, हे प्यायल्यावरच कळतं.

घरची स्मूदी म्हणजे माझ्यापुरती अशी: दोन केळी, पाव लिटर दूध, बिया काढलेले चार खजूर, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चिमूटभर वेलची. परीक्षेच्या दिवसांत जेवण कमी पडतंय असं वाटलं की मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या. लाह्या शेवटी घालायच्या, नाहीतर चिकट लगदा होतो. आणि केळी चांगली ठिपकेदार पिकलेलीच हवीत. हिरवट केळ्याची स्मूदी घशात अडकते आणि पोटातही जड होते.

आंबील अशी: सपाट अर्धी वाटी नाचणीचं पीठ रात्री थोड्या ताकात भिजवून ठेवायचं. सकाळी दोन वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ते भिजवलेलं पीठ सोडायचं आणि सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. रंग गडद होऊन वर चकाकी आली की शिजली. मग मीठ, जिरेपूड, ठेचलेली लसणाची एक पाकळी. कोमट झाली की वाटीभर ताक घालून रवीने घुसळायची. माझी आजी तिच्यात भाताचे चार दाणेही घालायची. मी घालत नाही, कारण धावून आल्यावर पहिली वीस मिनिटं मला काही चावावंसं वाटत नाही.

आता आकड्यांचं बोलू, कारण आकड्यांत स्मूदी पुढे आहे आणि ते मान्य करायलाच हवं. कडक सरावानंतर वजनाच्या दर किलोला एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि 20 ग्रॅमच्या आगेमागे प्रथिनं लवकर पोटात जावीत, असं साधारण सांगितलं जातं. माझं वजन 58 किलो. वरच्या स्मूदीत कर्बोदकं त्याहून जास्तच भरतात; दूध आणि कूट मिळून प्रथिनंही 13-14 ग्रॅम होतात. सगळं एका पेल्यात. आंबिलीत 50 ग्रॅम नाचणीची 35-36 ग्रॅम कर्बोदकं, आणि प्रथिनं ताक धरूनही पाच-सहाच. नुसती आंबील पिऊन कुणी दहा वाजेपर्यंत तग धरला, तर दुपारी त्याला झोप आवरणार नाही. म्हणून माझ्या आंबिलीबरोबर एक केळं आणि आदल्या रात्री उकडून ठेवलेली दोन अंडी असतात. अंडी खात नसाल तर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ. म्हणजे खरी तुलना एका पेल्याची एका पेल्याशी नाहीच. पेल्याची एका छोट्या ताटाशी आहे.

कॅल्शियममध्ये मात्र धान्यांत नाचणीला तोड नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत-बाहेर. लांब पल्ल्याच्या धावपटूला नडगीचं दुखणं काय असतं ते सांगावं लागत नाही. आंबिलीने माझी नडगी बरी झाली असं मी म्हणणार नाही, त्याच सुमारास मी बूटही बदलले होते. पण हाडांचा विचार करायचा तर नाचणी ताटात असलेली बरी. लोहासाठी मात्र हिच्यावर विसंबू नका. आमच्या टीममधल्या मुलींना सर दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासायला लावतात, आणि कमी आलं की अळीव, पालेभाज्या, लिंबू आणि डॉक्टर, या क्रमाने नव्हे तर सगळं एकदम सुरू होतं. आणि दोन्हींपैकी काहीही प्या, चहा तासभर लांब ठेवा. त्याने अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो.

मार्च ते मे या महिन्यांत अजून एक फरक जाणवतो. पुण्यातल्या तळजाई टेकडीवरून लांब पल्ला करून आलो की बनियनवर मिठाचे पांढरे डाग उमटलेले असतात. अशा वेळी गोड, दाट, थंड पेला समोर आला की दोन घोटांनंतर नको होतो. खारट-आंबट आंबील त्याच क्षणी हवीहवीशी वाटते, आणि घामातून गेलेलं मीठही परत येतं. काहींना धावून आल्या आल्या दूध प्यायलं की पोटात गुडगुडतं. ताकाने सहसा तसं होत नाही. थंडीत हा फरक उरत नाही. डिसेंबरात स्मूदी छान लागते.

पण मी स्मूदी सोडली ती यापैकी कशामुळेच नाही. मिक्सरच्या आवाजामुळे सोडली.

मी सदाशिव पेठेत तिघांच्या खोलीत राहतो. बाकीचे दोघे एमपीएससीची तयारी करतात. ते अभ्यासिकेतून रात्री एकच्या पुढे येतात, झोपेपर्यंत दोन वाजतात आणि साडेआठपर्यंत उठत नाहीत. मी सव्वापाचला बाहेर पडतो आणि सातच्या आत परत येतो. त्यांची झोप सगळ्यात गाढ असते त्याच वेळी मला मिक्सर लावायचा असतो. दहा बाय बाराच्या खोलीत, फळीवर ठेवलेल्या मिक्सरमध्ये खजूर आणि कूट फिरायला लागलं की फळीवरचे डबेही थरथरतात. खजूर पात्याला अडकतो, आवाज चढतो, बंद करायचं, चमच्याने सोडवायचं, पुन्हा लावायचं. एका पेल्यासाठी चार-पाच वेळा तो कर्कश आवाज.

मी सगळे उपाय केले. खजूर रात्रभर भिजवले. आवाज थोडा कमी झाला, संपला नाही. मिक्सरखाली सतरंजीची घडी ठेवली. भांड्यावर टॉवेल गुंडाळून पाहिला, तर मोटर तापल्याचा वास यायला लागला. रात्रीच स्मूदी करून ठेवली. आमच्याकडे फ्रिज नाही, सकाळी केळं काळं पडलेलं, कूट फुगून तळाशी बसलेलं आणि दुधाचा भरवसा नाही. एका मित्राचा चार्जिंगवरचा छोटा ब्लेंडर आठवडाभर आणला. तो शांत आहे, पण एवढासा पेला दोनदा भरावा लागतो, खजुरापुढे हात टेकतो आणि तळाच्या रबरी रिंगमध्ये दूध अडकून दोन दिवसांत वास धरतो. शेवटी त्यांच्या उठण्याची वाट बघत बसायला लागलो. साडेआठपर्यंत भूक मरायची. मधल्या वेळात चहा आणि बिस्किटं व्हायची, अकराच्या तासाला डोकं दुखायचं आणि संध्याकाळी सणस मैदानावर हजार मीटरच्या तिसऱ्याच फेरीत पाय शिशाचे व्हायचे. घड्याळातली वेळ फार बदलली होती असं नाही. पण सेट संपल्यावर उरणारी ताकद कमी झाली होती आणि ते माझं मला कळत होतं.

मग एका सकाळी, पूर्वपरीक्षेला दहा दिवस राहिले असताना, मी वाट न बघता मिक्सर लावला. कोपऱ्यातला मित्र उठून बसला. काहीच बोलला नाही. पांघरूण आणि उशी उचलून गॅलरीत गेला आणि तिथे फरशीवर झोपला. मी ती स्मूदी प्यायलो, पण घशाखाली नीट उतरली नाही. त्याचं वर्षभराचं जागरण आणि माझं वर्षभराचं धावणं एकाच खोलीत होतं, आणि माझ्या पेल्याची किंमत तो देत होता. त्याने भांडण केलं असतं तर कदाचित मी वेळ ठरवून घेतली असती. तो गप्प राहिला, म्हणून मी मिक्सर खोक्यात घातला.

त्या आठवड्यात आईने गावाहून नाचणीचं पीठ पाठवलं होतं. इंडक्शनला मालकांची हरकत नव्हती. भिजवायचं, ढवळायचं, घुसळायचं. रवीचा आवाज दोन हातांवर झोपलेल्यालाही ऐकू येत नाही. सातला आलो की पाणी उकळत ठेवतो, तेवढ्यात स्ट्रेचिंग होतं. आंबील कोमट होईपर्यंत आंघोळ. साडेसातला पेला हातात. त्यासाठी कुणाच्या उठण्याची वाट बघावी लागत नाही, आणि माझ्या मते सरावानंतरच्या खाण्यात यापेक्षा मोठी गोष्ट नाही. चौदा ग्रॅम प्रथिनांची स्मूदी साडेआठला मिळण्यापेक्षा साधी आंबील आणि अंडी साडेसातला मिळाली, तर माझं शरीर दुसऱ्याला जास्त दाद देतं.

आंबिलीचेही त्रास आहेत. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. उन्हाळ्यात शिजवलेली आंबील रात्रभर बाहेर राहिली तर फसफसते. म्हणून रात्री फक्त पीठ भिजवावं, शिजवणं सकाळीच. पातेलं लगेच पाण्यात घातलं नाही तर तळाला धरलेली नाचणी नखाने खरवडावी लागते. आणि पहिले चार दिवस चव जिभेवर बसत नाही, विशेषतः ज्यांच्या घरी नाचणी नव्हती त्यांना. विदर्भातल्या एका मित्राने पाचव्या दिवशी लसूण वाढवली, जिरं तुपात फोडणीला घातलं आणि मग त्याला ती आवडली. हॉस्टेलवर इंडक्शन चालत नसेल तर मेसच्या काकूंना विचारून बघा. थंडीत रात्री शिजवलेली आंबील डब्यात सकाळपर्यंत टिकते, ताक तेवढं सकाळी घालायचं.

टीममध्ये कुणी "हे गावाकडचं आहे, धावपटूचं नाही" असं म्हणालं की मला वाईट वाटतं. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती तिथून भारतात आली. ज्या केनियाच्या धावपटूंच्या शर्यती आपण मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो, त्यांच्या देशात याच नाचणीची, आंबवलेल्या पिठाची पेज पितात. तिला तिथे उजी म्हणतात. आपल्याकडेही सावरपाड्याची कविता राऊत ज्या त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यातून येऊन 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, तिथल्या उतारांवरही नाचणी पिकते. पेज प्यायल्याने पदक मिळतं असं कुणी समजू नये. पण हे धान्य लांब पल्ल्याच्या माणसांना परकं नाही, एवढं नक्की.

तर कुणी काय घ्यावं? स्वतःची खोली असेल, फ्रिज असेल किंवा घरी राहत असाल, अंडी चालत नसतील आणि वजन टिकत नसेल, तर मिक्सर घ्या. आठवड्यातल्या दोन कडक दिवसांना स्मूदी खरोखर सोयीची आहे. तिघा-चौघांत राहत असाल, उन्हात धावत असाल, दुधाने पोट बिघडत असेल, तर महिनाभर आंबील करून पाहा. खर्च मला जवळपास निम्मा पडतो, पण तुमच्याकडे केळी स्वस्त असतील तर हिशोब बदलेल. गोड हवंच असेल अशा दिवशी मी वाटीत केळं कुस्करून दूध घालतो, शिकरण करतो. त्यालाही मिक्सर लागत नाही. फक्त ते चमच्याने खावं लागतं, म्हणून आंघोळीनंतर.

माझा मिक्सर आता गावी आहे. दिवाळीला आणि मे महिन्यात घरी गेलो की पहिल्या सकाळी धावून येऊन मी स्मूदीच करतो, दोन पेले, एक आईसाठी. ती त्या वेळी अंगणात चूल पेटवून कधीची उठलेली असते.