'इन्ट्रिकेट' आणि 'इनएक्स्ट्रिकेबल'

दोन्ही इंग्रजी विशेषणांचं मूळ एकच: लॅटिन 'ट्रिकाय', म्हणजे कटकटी, भानगडी. सुरुवातीचं 'इन' मात्र फसवं. पहिल्यात ते 'आत' सांगतं, दुसऱ्यात चक्क नकार.

घड्याळाची यंत्रणा किंवा नक्षीकाम इन्ट्रिकेट असतं. किचकट खरं, पण त्यात कौतुकही येतं.

इनएक्स्ट्रिकेबलमध्ये सुटकाच नाही. रोमन कवी व्हर्जिलने लॅटिनमध्ये हे विशेषण क्रीट बेटावरच्या, पुराणकथेतल्या भूलभुलय्याच्या वाटांना लावलं. इंग्रजीतही ते बाहेर न पडता येणाऱ्या जागेला, न सुटणाऱ्या गाठीला, न उलगडणाऱ्या पेचाला लागायचं. आज बहुधा 'इनएक्स्ट्रिकेबली' असं क्रियाविशेषण होऊन 'लिंक्ड'च्या आधी येतं: गरिबी आणि आजारपण एकमेकांत असे गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत. मला जुना वापरच जास्त भावतो. त्यात अडकलेला माणूस तरी दिसतो.